डब्यातला भूप

अचानक पाहुणे टपकले की आई काय करते? फळीवरचा डबा काढते आणि बशीत चिवडा पुढे करते. बासरी शिकणाऱ्यापाशीही असा एक डबा हवा, हे मला कळलं ते चांगली फजिती झाल्यावर!

तेव्हा मी नववीत होते. आंतरशालेय स्पर्धेसाठी निवड-चाचणी होती. यमनची गत तबल्याबरोबर घोटून घोटून तयार केली होती. माझी पाळी यायला संध्याकाळचे सात वाजले आणि तोवर तबलजी निघून गेले! परीक्षक म्हणाले, "हरकत नाही, एकटीच वाजव."

तबल्याशिवाय मला समच सापडेना. त्यात यमनचा तीव्र मध्यम. तो वाजवताना बासरीची सहाही भोकं उघडी; ती तोलायची नुसत्या अंगठ्यांवर आणि करंगळ्यांवर. हाताला घाम सुटलेला. बासरी सटकली, मी अर्ध्यातच थांबले. निवड कसली होतेय!

दुसऱ्या दिवशी गुरुजींपुढे रडले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "गत तयार होती गं. तुझा डबा रिकामा होता."

मग त्यांनी मला तीन मिनिटांचा भूप बसवून दिला. भूपच का? त्यात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर. त्यांसाठी एकही भोक अर्धं झाकावं लागत नाही, की सगळी एकदम उघडावी लागत नाहीत. घाबरलेल्या बोटांना तेवढाच आधार! आधी सावकाश आलाप, मग पायाने ठेका धरून छोटीशी धून, शेवटी लांब षड्ज. तबला असला तर छानच; नसला तरी अडत नाही.

पण डब्यातला चिवडाही सादळतो! म्हणून नियम ठरला : शाळेतून आलं, दप्तर ठेवलं की दुसरं काही न वाजवता एकदा भूप. चुकलं तरी थांबायचं नाही, मागे जायचं नाही. थंडीत गार बासरीचा सूर जरा उतरलेला असतो. म्हणून पाळी येण्याआधी भोकं झाकून, आवाज न करता, ऊबदार श्वास आत सोडायचा.

पुढच्या वर्षी स्नेहसंमेलनात यमन संपला आणि मागच्या रांगांतून आरोळी आली, "वन्समोअर!" तबलजींनी तर तबल्यावर गवसणीही चढवली होती. पोटात गोळा आला. पण बोटांनी आपणहून भूप धरला. मध्येच एक पंचम फाटला. मी थांबले नाही. शेवटच्या षड्जाला सभागृह इतकं शांत होतं, की मलाच माझा श्वास ऐकू आला.

घरी जाताना गुरुजी म्हणाले, "पंचम फाटला हं!" आणि हसले.

तुम्ही काय वाजवता? पेटी? व्हायोलिन? की गाता? तुमच्या डब्यात काय आहे, ते आज झाकण उघडून बघा बरं!