डावखुऱ्या हातासाठी उलटा केलेला गेमचा डबा



पालकसभेला आलेल्या काही जणांनी आमच्या वर्गातला ‘उलटा डबा’ पाहिला आणि नंतर फोन करून विचारलं, की हे नेमकं काय आहे आणि कसं केलं. प्रत्येकाला फोनवर सांगताना वायरींचे आकडे गोंधळतात, म्हणून एकदाच नीट लिहून काढतो. गेमचं नाव ऐकून कुणी नाक मुरडू नये. यात गणित आहे, विज्ञान आहे आणि एका मुलीच्या हाताचा प्रश्न आहे.

डबा म्हणजे आर्केड स्टिक. गेम पार्लरमधल्या मशीनचा पुढचा भाग कापून मांडीवर घेतला तर जसा दिसेल तसा. डावीकडे गोळा लावलेली दांडी, उजवीकडे आठ बटणं, चार वर आणि चार खाली. माझ्या मेहुण्याने पुण्यात हौसेने प्लायवूडमध्ये बनवला होता. त्याचा वापर बंद झाला तसा तो मी शाळेत आणला. शाळेच्या संगणकावर ‘सुपरटक्स’ हा फुकट मिळणारा पेंग्विनचा गेम टाकला आणि शनिवारी शेवटच्या तासाला पाळीपाळीने खेळायचं ठरलं.

तिसरीतली एक मुलगी आहे. नाव देत नाही. आईवडील ऊसतोडीला जातात, ती आजीजवळ राहते. वडवणीच्या आसपास ज्यांनी शिकवलंय त्यांना हे चित्र नवीन नाही. दिवाळीच्या आगेमागे अर्ध्या वर्गाचे आईबाप कारखान्यावर जातात. ही मुलगी डावखुरी. आजीने मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, “गुर्जी, तेवढा हात बदलून द्या तिचा. पोरीची जात हाय, उद्या सासरी वाढाया बसली तर लोक काय म्हनतील?” घरी तिला डाव्या हाताने पेन्सिल धरू देत नव्हते. वर्गात ती मी बघतोय का याचा अंदाज घेऊन पेन्सिल कधी या हातात, कधी त्या हातात घ्यायची. फळ्यावर लिहायला बोलावलं की डोकं दुखतं म्हणायची.

तिची पाळी आली तेव्हा तिने दोन्ही हात आडवे टाकले. डावा हात उजवीकडच्या बटणांवर, उजवा हात डावीकडच्या दांडीवर, मधे फुली. पोरं हसली. तिने हात काढून घेतले, सरळ ठेवले आणि तीन वेळा खड्ड्यात पडली. मला मात्र जे पाहायचं होतं ते दिसलं होतं. बारीक काम कुठल्या हाताने करायचं हे तिच्या शरीराने न विचारता सांगितलं होतं.

मेहुण्याला फोन केला तर तो म्हणाला, “अहो दाजी, दांडी तर डाव्याच हातात असते. म्हणजे डावखुऱ्यांना सोपंच की!” ऐकायला बरोबर वाटतं. पण थोडं मागे जाऊन बघा. 1980 च्या ‘पॅकमॅन’ मशीनवर एकच दांडी होती आणि तीही मधोमध, कुठल्याही हाताने खेळा. त्याआधी 1977 साली आलेल्या अटारीच्या घरगुती गेमच्या दांडीवर लाल बटण डाव्या कोपऱ्यात होतं. डाव्या अंगठ्याने बटण दाबायचं आणि उजव्या हाताने दांडी हलवायची अशी तिची मांडणी. मग 1982 साली निन्टेंडोने ‘डाँकी काँग’चा हातात मावणारा गेम काढला, त्यात दिशेची फुली डावीकडे आली. 1983 च्या त्यांच्या टीव्ही गेममध्येही तेच. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे गेम आले, कॅसेट फुंकून घालायचो ते, त्यांचीही मांडणी तीच होती. म्हणजे दांडी कधी या हातात, कधी त्या हातात. डावी मांडणी कुठली आणि उजवी कुठली हे कुठे कोरून ठेवलेलं नाही.

खरा प्रश्न असा की त्या खेळात नाजूक काम कोणतं? सुपरटक्समध्ये दांडी फक्त पुढे-मागे ढकलायची. उडीचं बटण मात्र थोडा वेळ दाबलं तर छोटी उडी, जास्त वेळ दाबलं तर मोठी. सगळं कसब त्या एका बोटात. गंमत म्हणजे चौथीतला एक मुलगाही डावखुरा आहे, तो सरळ डब्यावर मजेत खेळतो. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने आणि बॅटिंग, बॉलिंग करतो उजव्याने, हे आपल्याला माहीत आहेच. डावखुरेपणा माणसागणिक आणि कामागणिक वेगळा असतो. म्हणून अमुक मूल डावखुरं, त्याला अमुक वस्तू द्या, असं परस्पर ठरवू नये. बघावं आणि विचारावं. मी तिला विचारलं, “बटणं इकडे आणली तर?” ती काही बोलली नाही, पण मान हलवली.

आता कामाचं. हे मी चौथीच्या मुलांबरोबर सममितीच्या धड्याला जोडून केलं. आधी कागदावर बटणं काढली. वरच्या ओळीत 1, 2, 3, 4 आणि खालच्या ओळीत 5, 6, 7, 8. उजव्या हाताचं पहिलं बोट 1 वर येतं. उडी तिथेच. मग विचारलं, डाव्या हातासाठी काय करायचं?

एकजण म्हणाला, बटणं आहे तशी उचलून डावीकडे ठेवायची. ठेवली कागदावर. पण डावा हात ठेवून बघा, पहिलं बोट उजव्या टोकाला येतं, 4 वर. 1 येतो करंगळीखाली! सगळ्यात जास्त लागणारं बटण सगळ्यात अशक्त बोटाला. दुसरी म्हणाली, कागद अर्धा गोल फिरवायचा. फिरवला. आता वर 8, 7, 6, 5 आणि खाली 4, 3, 2, 1. बोटांचा क्रम जमला, पण वरची ओळ खाली गेली. तिसऱ्याने कागद पालथा करून खिडकीच्या उजेडात धरला. वर 4, 3, 2, 1 आणि खाली 8, 7, 6, 5. आकडे उलटे दिसत होते, पण हात बरोबर बसला. सरकवणे, फिरवणे आणि पालथे करणे या तिन्हींत फरक काय, हे पुस्तकातल्या फुलपाखराने इतकं स्वच्छ कधी कळलं नव्हतं.

डबा मात्र पालथा करता येत नाही, बटणं खाली जातील. म्हणून आम्ही तो फिरवला आणि ओळींची अदलाबदल वायरीने केली. डब्याच्या पोटात एक छोटा बोर्ड असतो. प्रत्येक बटणाच्या दोन वायरी एका पिनेने त्यात बसतात. बटण दाबलं की त्या दोन वायरी जुळतात, एवढंच त्याचं काम. 1 ची पिन काढून 5 च्या जागी, 5 ची 1 च्या जागी, तसंच 2 आणि 6, 3 आणि 7, 4 आणि 8. कापाकापी नाही, डाग देणं नाही. गेमच्या सेटिंगमध्येही बटणं बदलता येतात, पण मग प्रत्येक गेमला पुन्हा तेच करा. पिना एकदा बदलल्या की झालं. (यूएसबी केबल संगणकातून काढूनच डबा उघडा, हे सांगायला नको.)

राहिली दांडी. डबा फिरल्यामुळे ती उजवीकडे आली, पण तिच्या दिशाही फिरल्या. उजवीकडे ढकललं की पेंग्विन डावीकडे पळतो. असं होणार हे मुलांनी डबा जोडण्याआधीच सांगितलं होतं. उपाय सोपा. चार स्क्रू काढले, दांडीचा संच अर्धा फेरा फिरवून परत बसवला. उघडल्यावर मुलांना आणखी एक गोष्ट दिसली. दांडी पुढे ढकलली की मागचा स्विच दाबला जातो! टेकू मधे, त्यामुळे खालचं टोक उलट दिशेला जातं. उत्तोलकाचा धडा तिथेच झाला. एकच अडचण उरली, केबल आता खेळणाऱ्याच्या पोटाकडून बाहेर येत होती. सुताराकडून दुसऱ्या बाजूला भोक पाडून घेतलं. सगळं मिळून एक दुपार गेली.

पुढच्या शनिवारी तिने पहिला टप्पा पार केला. आनंद झाला, पण माझं लक्ष सोमवारकडे होतं. सोमवारी शुद्धलेखनाला तिने पेन्सिल डाव्या हातात घेतली आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

मग तिच्यासाठी आणखी थोडे बदल केले. बाकावर तिला डाव्या टोकाला बसवलं, म्हणजे शेजारणीच्या कोपराला कोपर लागत नाही. वही उजवीकडे थोडी कलती आणि पेन्सिल टोकापासून जरा वर धरायची, म्हणजे लिहिलेलं हाताखाली झाकलं जात नाही आणि पुसलं जात नाही. कात्री मात्र तिला अजून त्रास देते. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून लांब जातात आणि कापायची रेघ दिसत नाही. डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते, ती मागवायची आहे. दहात एखादा माणूस डावखुरा असतो. आपल्या प्रत्येकाच्या वर्गात दोन-तीन मुलं असणारच.

आजीला पालकसभेत डबा दाखवला. त्या म्हणाल्या, “खेळाचं ठीक हाय, पर लिव्हायचं?” मी त्यांना सांगितलं, हात बांधणं, हातावर मारणं शिक्षण हक्क कायद्यात बसत नाही, कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना मनाई आहे. कायद्याने आजी पटत नसतात हे मलाही माहीत आहे. त्यांनी पदर सावरला आणि गप्प बसल्या.

मग मी तिच्या वडिलांना कारखान्यावर फोन लावला. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. ते बराच वेळ नुसते हं, हं करत होते. शेवटी म्हणाले, “सर, मी बी तसलाच. मास्तरांनी पट्टीनं हाणून उजव्यानं लिवायला लावलं मला. आता लिहितो कुठं मी? पर कोयता डाव्याच हातात हे. आईला सांगतो मी.”

त्यांनी सांगितलं असावं. आजी अजूनही तिला जेवताना उजवा हात वापरायला लावतात, आणि ती वापरते. वही मात्र डाव्या हाताने लिहिते. परवा गृहपाठाच्या वहीवर नाव घालायचं होतं, तिने आजीला शेजारी बसवून घातलं. उलट्या डब्यावर आता उजव्या हाताची पोरंही नंबर लावतात, कारण त्यावर खेळणं अवघड आहे म्हणे.