आरशावानी शाफ्ट

जिनिंगच्या मशीनमध्ये दोन पृष्ठभाग दिवसभर एकमेकांना टेकून असतात आणि दोघांचा स्वभाव उलटा ठेवावा लागतो. चामड्याचा रोलर खरखरीत हवा, त्याच्यावर दाबलेली पोलादी सुरी गुळगुळीत हवी. यातलं एक जरी चुकलं तरी कापूस उत्तम असून रुई खराब निघते. पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात कापूस आणि संत्रा यांच्यावरच बाजार हलतो (मका-सोयाबीनवाले रागावतील, रागावोत), त्यामुळे माझ्या लेथचं वर्षही तसंच वाटलेलं. दसऱ्याच्या आधी रोलर येतात, उन्हाळ्यात संत्र्याच्या बागांतल्या पंपांचे, वाळूने खाल्लेले शाफ्ट.

रोलर म्हणजे लोखंडी शाफ्टवर दाबून बसवलेली चामड्याच्या चकत्यांची चळत. ती लेथवर चढवून एकसारखी टर्न करायची आणि मग तिच्यावर तिरप्या फिरत जाणाऱ्या चऱ्या पाडायच्या. मशीन चालू झालं की कापसाचे तंतू चामड्याला धरतात आणि रोलर त्यांना सुरीखालून ओढून नेतो. सरकीला त्या फटीतून जाता येत नाही. ती तिथेच अडते आणि पुढेमागे हलणारी दुसरी सुरी तिला ठोकून खाली पाडते. १८४० साली अमेरिकेत फोन्स मॅकार्थी याने पेटंट घेतलेली ही युक्ती. आपल्याकडचं डबल रोलर जिन तिच्यावरच चालतं.

म्हणजे सगळा खेळ चामड्याच्या पकडीचा. हंगाम पुढे सरकतो तसं चामडं घासून तापतं, चोपडं होतं, त्याला काळपट चकाकी येते, चऱ्या उथळ होतात. रोलर दिसायला नव्यापेक्षा देखणा, पण ताशी रुई कमी पडायला लागते. यावर काही जिनांत दाब वाढवायला आणखी वजन लटकवतात. मला हा उपाय मुळीच पटत नाही. दाब वाढला की चामडं आणखी तापतं, आणखी चोपडं होतं, आणि चार दिवसांनी पुन्हा वजन शोधत फिरावं लागतं. चऱ्या नव्याने पाडून घेणं स्वस्त पडतं. सुरीचं उलटं. तिच्या काठाला नखाला लागेल एवढी जरी बूर राहिली तरी ती तंतू तोडते, रुईची लांबी घटते आणि पुढे भाव मोडतो.

झिजलेलं चामडं जातं कुठे, हा प्रश्न गावात कोणी विचारत नाही. ते बारीक भुकटी होऊन रुईत आणि जिनात काम करणाऱ्या बायाबापड्यांच्या नाकात जातं. चकत्यांचं चामडं क्रोमने कमावलेलं असतं, हे त्यातलं वाईट. मुंबईच्या सिरकॉट या कापूस-तंत्रज्ञान संस्थेने रबर आणि सुती कापडाच्या, क्रोम नसलेल्या चकत्यांचा रोलर काढला तो याच कारणाने. झीज म्हणजे नुसता वस्तूचा तोटा नव्हे. ती कुठेतरी जाऊन बसते.

आता शाफ्टचं. गिऱ्हाइकाचं ठरलेलं वाक्य, "भाऊ, मले आरशावानी चकचकीत पायजे." एका जिनाच्या गिअरबॉक्सचा शाफ्ट असाच आरशावानी करून आणला होता, दुसऱ्या गावाहून. ऑइल सील बदलून झालं, पुन्हा बदलून झालं, तरी तेल ठिबकायचं थांबेना. जिनात तेल ठिबकणं म्हणजे रुईला डाग. मालकाचं म्हणणं सील नकली. मी दोऱ्याची परीक्षा केली.

शाफ्ट सेंटरमध्ये धरायचा आणि सीलच्या जागी हलक्या तेलाचं बोट फिरवायचं. शिवणाच्या दोऱ्याचं एक टोक वर बांधायचं, शाफ्टला वेढा द्यायचा आणि दुसऱ्या टोकाला छोटा नट लटकवायचा. मग शाफ्ट हळू फिरवायचा. दोरा जागेवर राहिला तर काम चोख. दोरा एका बाजूला सरकला आणि उलटं फिरवल्यावर दुसऱ्या बाजूला, तर शाफ्टवर पेच आहे. (दोन्ही वेळा एकाच बाजूला गेला तर शाफ्ट लेव्हलमध्ये नाही, आधी ते बघा.) या शाफ्टवर दोरा चालत गेला. इमरी पेपर धरून हात लांबीच्या दिशेने सरकवत पॉलिश केलं की डोळ्याला न दिसणारे आटे पडतात. शाफ्ट फिरला की ते आटे तेलाला ढकलत ढकलत सीलच्या बाहेर काढतात. सील बिचारं निर्दोष.

यावर इलाज ग्राइंडिंगचा. व्हील आडवं न सरकवता सरळ आत द्यायचं आणि ठिणग्या पुरत्या थांबेपर्यंत तिथेच फिरू द्यायचं. खरखरीतपणा ०.२ ते ०.८ मायक्रॉनच्या मध्ये ठेवायचा. त्याहून गुळगुळीत केलं तर रबरी ओठाखाली तेलाचा पापुद्रा टिकत नाही, ओठ कोरडा घासतो, तापतो, कडक होऊन तडकतो. आपल्या केसाची जाडी सत्तरेक मायक्रॉन. भांडण किती बारीक जागेत चाललेलं असतं, ते यावरून कळावं.

बोरगावच्या औद्योगिक वसाहतीतून ड्रॉइंग येतं तेव्हा त्यावर खरखरीतपणाचे ०.८, १.६, ३.२ असे आकडे असतात. जुन्या ड्रॉइंगवर नुसते उलटे त्रिकोण असायचे. आकडा आला म्हणजे प्रश्न मिटला, असं नव्या पोरांना वाटतं. हा आकडा, ज्याला आरए म्हणतात, उंचसखलपणाची सरासरी आहे. सपाट माळावर उभ्या टेकड्या असोत की तेवढेच खोल खड्डे, आरए एकच येतो. दोन्ही शाफ्टना तो सारखेच मार्क देतो. टेकड्यांचा शाफ्ट बुशला किसून काढतो. खड्ड्यांचा शाफ्ट तेल साठवून वर्षानुवर्षं चालतो. माथे थोडे थोडे झिजत गेले तर कुठल्या खोलीवर किती धातू भार घ्यायला उरेल, याचा आलेख ॲबट आणि फायरस्टोन यांनी १९३३ साली मांडला. तो माझ्यासारख्याला खरा कामाचा. पण ड्रॉइंगवर तो मागणारं गिऱ्हाईक विरळाच.

इंजिनाच्या बोअरमध्ये तेल साठवणारे खड्डे असेच जाणूनबुजून ठेवतात. आधी जाड होनिंग दगडाने एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या रेघा पाडायच्या, मग बारीक दगड थोडाच वेळ फिरवून फक्त माथे उतरवायचे. वर सपाट पठार, मध्ये तेलाच्या चऱ्या. बॅटरी लावून आत बघितलं की मंद राखाडी जाळी दिसते, चमक नाही. ट्रॅक्टरचं इंजिन नव्याने बांधून नेल्यावर पुष्कळ जण जपायचं म्हणून ते रिकामंच फडफडत ठेवतात. भार नसला की पिस्टनच्या रिंगांवर पुरेसा दाब येत नाही, त्या बसत नाहीत, बोअरवर तेलाचा काचेसारखा थर चढतो आणि जाळी बुजते. मग धूर. मग "रिंगा हलक्या टाकल्या" म्हणून मेकॅनिकशी भांडण. बांधल्यावर वावरात न्या आणि बेताचा भार द्या, असं मी सांगतो. ऐकणारे ऐकतात.

पैशाचं मात्र कठीण आहे. ग्राइंडिंग करून दिलेला शाफ्ट मंद, राखी दिसतो. मजुरी सांगितली की समोरचा शाफ्ट उजेडात धरून म्हणतो, "एवढे पैसे, अन् चमक कुठं हाय काका?" दोऱ्याची परीक्षा दाखवायला वेळ असतो तेव्हा दाखवतो. हंगामात नसतो. म्हणून हल्ली शाफ्टचं जे टोक कव्हरच्या बाहेर राहतं, कशालाच लागत नाही, त्याला शेवटी इमरी मारून चांगलं चकचकीत करून देतो. सीलच्या जागेकडे मग कोणी बघत नाही, आणि मजुरीही पूर्ण मिळते.