डुक्कर जिंकेल का बिबट्या?



आपल्या खोडव्याची तोड परवा संपली. टनेजचा हिशोब पुढच्या नोंदीत टाकतो. आज विषय जरा वेगळा आहे, पण तोडीचाच आहे.

पहिल्या दिवशी संध्याकाळी ट्रॉली भरून झाली, तेव्हा टोळीतली दोन पोरं मोबाईलवर व्हिडिओ बघत भांडत होती. रानडुक्कर आणि बिबट्या समोरासमोर आले तर कोण जिंकेल? पैज एका वडापावची. मला विचारलं, "दादा, तुम्ही सांगा." मी म्हटलं, बिबट्या.

शेकोटीशी टोळीतले म्हातारे बाबा बसले होते, धडगावकडचे. ते म्हणाले, "पळायला वाट आहे का नाही, ते आधी सांगा."

पोरं हसली. मला हसू आलं नाही. माझ्या डाव्या पोटरीवर चौदा टाक्यांचा वण आहे. त्याची गोष्ट पुढे येते.

घरी येऊन मी ती पैज नीट मांडून बघितली. आपल्याकडचा मोठा नर बिबट्या साधारण पन्नास ते सत्तर किलोचा, मादी त्याहून हलकी. जुना, एकटा फिरणारा डुक्कर शंभर किलोच्याही वर जातो. त्याचे खालचे सुळे वरच्या सुळ्यांवर घासून कायम धारदार राहतात, आणि खांद्यावर कातडीखाली जाड, टणक थर असतो. बिबट्याचं काम दबा धरून. जवळून झेप घ्यायची, गळा धरायचा. समोरून कुस्ती हा त्याचा धंदाच नाही.

शिवाय बिबट्या एकटा. पाय मोडला किंवा सुळा तुटला तर त्याला डबा आणून देणारं कोणी नाही. ना भाऊबंद, ना सासर. जखम म्हणजे उपास, आणि उपास म्हणजे मरण. म्हणून मोठा डुक्कर सावध होऊन समोर उभा राहिला की बिबट्या बहुतेक वेळा निघून जातो. पिल्लू मागे राहिलं तर मात्र उचलतो. म्हणजे पैजेचं खरं उत्तर असं, की सामना बहुतेक वेळा होतच नाही.

यावर शास्त्रज्ञांनी गणित मांडलेलं आहे. १९७३ साली जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस या दोघांनी प्राण्यांच्या भांडणाचा हिशोब केला. एवढी घातक हत्यारं असून एकाच जातीचे प्राणी एकमेकांना सरसकट मारून का टाकत नाहीत, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर आपल्याला बांधावरून कळेल. अर्ध्या गुंठ्याच्या बांधासाठी वीस वर्षं कोर्टात गेली, तर जिंकणाराही बुडालेलाच असतो. भांडणात मिळणाऱ्या वस्तूपेक्षा जखमेचा खर्च मोठा असेल तर गुरगुरून, केस फुलवून, अंदाज घेऊन बाजूला होणारा प्राणीच टिकतो. दोन नर डुकरंसुद्धा आधी खांद्याला खांदा लावून ढकलतात, एकमेकांचा जोर मोजतात. हलका असतो तो निघून जातो.

अमेरिकेत केटी हाइंड नावाच्या जीवशास्त्रज्ञ बाई २०१३ पासून दर मार्चमध्ये प्राण्यांच्या काल्पनिक लढतींची स्पर्धा घेतात. कोण जिंकणार ते शास्त्रातली माहिती बघून ठरवतात. त्यातही बरेच सामने रक्ताने संपत नाहीत. एकाला जागा सोसत नाही, किंवा त्याचं पोट भरलेलं असतं, आणि तो मैदान सोडून जातो. आमच्या पोरांना हे सांगितलं तर म्हणाली, "मग पैसे फुकट गेले की."

पण बाबांचा प्रश्न उरतोच. वाट नसेल तर?

१९७९ मध्ये डॉकिन्स आणि क्रेब्स यांनी एक साधी गोष्ट मांडली. कोल्हा सशामागे धावतो तो एका जेवणासाठी, ससा धावतो तो जिवासाठी. म्हणून दोघांचा जोर सारखा नसतो. कोंडलेल्या जनावराचंही तसंच. वाट असेपर्यंत ते जखमेचा हिशोब करतं. वाट बंद झाली की सगळा हिशोब संपतो.

आता पोटरीची गोष्ट. चार वर्षांपूर्वी याच रानात आम्ही ऊस चारी बाजूंनी तोडत आणला. मधे दहा-बारा सऱ्यांचा पट्टा उरला. तोड जशी आत सरकते तशी उसातली जनावरं त्याच पट्ट्यात गोळा होतात, हे मला माहीत होतं. आत डुक्कर आहे असं कोणीतरी म्हणालं. मीच गावातली पोरं बोलावली, मीच गोल रिंगण करायला लावलं. पंधरा-वीस मोबाईल वर, आरडाओरडा, वर एकाने फटाका टाकला. डुक्कर निघाला तो सरळ माझ्याकडे. त्याचा राग माझ्यावर नव्हता. दोन माणसांमधली फट मोठी होती आणि मी त्या फटीत उभा होतो. माझं पोटरीवर निभावलं. माझ्यामागे पाच पावलांवर टोळीतली एक बाई तान्हं लेकरू घेऊन उभी होती. ते आठवलं की आजही झोप उडते. आत बिबट्या असता तर काय झालं असतं, ते तळोदा-शहादा पट्ट्यात कोणाला सांगायला नको.

बिबट्याला जंगलच लागतं असं नाही. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला. शेतीच्या त्या भागात शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच मोठे बिबटे निघाले. त्यांच्या खाण्यात वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा होता. आणि एवढे बिबटे असून माणसांवर हल्ले क्वचितच.

म्हणून यंदा तोडीची पद्धत बदलली. लिहून ठेवतो, कोणाला उपयोगी पडली तर बघा.

१) तोड गावाच्या आणि कोप्यांच्या बाजूने सुरू केली, नाल्याकडे सरकत नेली. नाल्याची बाजू शेवटपर्यंत मोकळी.

२) शेवटच्या पट्ट्याआधी लेकरं आणि बैल लांब नेले. कोयते थांबवले, डबे वाजवले आणि अर्धा तास सगळे एकाच बाजूला बसून राहिलो. मुकादम कुरकुरला. कुरकुरू दिला.

३) नाल्याकडे कोणी उभं राहायचं नाही. फोटोलासुद्धा नाही.

४) बिबट्याची पिल्लं दिसली तर हात लावायचा नाही, १९२६ वर वनविभागाला फोन करायचा. जुन्नरकडे उसात सापडलेली पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात, आणि आई येऊन घेऊन जाते, असं कितीतरी वेळा झालं आहे.

५) रात्री पाणी भरताना सरीत वाकून बसायचं नाही. वाकलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही. बॅटरी आणि जोडीदार हवाच, बोलत राहायचं.

अर्ध्या तासात आम्हाला काहीच दिसलं नाही. पट्टा तोडला तर रिकामा. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला नाल्याच्या काठावर नेलं. ओल्या मातीत डुकरिणीचे खूर, मागे चार-पाच पिल्लांचे. आणि वीस-पंचवीस पावलं अलीकडे बिबट्याचा पंजा, आदल्या दिवशीच्या पाण्यातला. दोघं महिनोन् महिने माझ्याच उसात राहत होते.

पोरांना बोलावून दाखवलं. म्हटलं, बघा, हा तुमचा सामना. एकाने विचारलं, "मग वडापाव कोणाचा?" दोघांनाही मीच दिला. बाबांना दोन.

तुमच्याकडे शेवटचा पट्टा कसा तोडता, खाली लिहा. कोणाला असा अनुभव आला असेल तर तोही लिहा, लाजू नका. मीही चार वर्षं लाजलो.