टाकी सोडून बघा

आमच्या भागात वनस्पती तुपाला डालडा म्हणतात आणि जुन्या फोटोतल्या कुठल्याही मोटारसायकलला बुलेट. कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका बोळात मी चाळीस वर्षं जुन्या गाड्या उघडतो आणि पुन्हा बसवतो. अलीकडे मात्र गाड्यांपेक्षा फोटोच जास्त येतात. कपाट आवरताना सापडलेले, कडा कातरलेले, बुरशी धरलेले. सोबत प्रश्न ठरलेला : "मिस्त्रीकाका, ही आजोबांची बुलेट. किती सालची असेल?"

बहुतेक वेळा ती बुलेट नसते. हे सांगणं सोपं असतं, पण समोरच्याचा चेहरा उतरतो, त्यामुळे मी आधी चहा मागवतो.

गेल्या पावसाळ्यात गडहिंग्लजकडच्या एक शिक्षिका फ्रेमसकट फोटो घेऊन आल्या. बारा बाय पंधराचं एनलार्जमेंट, त्यावर त्या काळच्या पद्धतीप्रमाणे हातानं दिलेले रंग. मोटारसायकल स्टँडवर आडवी उभी, तिच्या मागं टोपी घातलेले आजोबा, हँडलशी आजी. साडी हिरवी, टाकी लालभडक. लग्न १९५३चं, फोटो त्याच वर्षातला. घरात दोन पक्ष होते. ताई आणि त्यांचे वडील म्हणत बुलेट. धाकटा भाऊ म्हणे जावा, कारण किक डाव्या बाजूला दिसत होती आणि जावाची किक डावीकडे असते हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मी म्हटलं, "ताई, टाकी सोडून बघू या."

हे वाक्य माझं नव्हे, आमच्या उस्तादांचं. टाकी म्हणजे गाडीची टोपी, कुणाचीही कुणालाही बसते, असं ते म्हणायचे. परदेशी गाडीचा सुटा भाग मिळेना, तेव्हा आमच्या उद्यमनगरानं पिस्टन ओतले, बुश टर्न केले, एका गाडीचा कार्बोरेटर दुसरीच्या गळ्यात बांधला. नॉर्टनला बुलेटची टाकी, बुलेटला जावाचा दिवा, असली लग्नं आमच्याच हातून लागलीत. म्हणून फोटोत टाकीवर नाव स्पष्ट वाचता येत असलं, तरी ते मी शेवटी वाचतो. रंगाचं तर विचारूच नका. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग नसतोच, आणि जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नसे, त्यावर तांबडी टाकी काळीच उमटायची. या फोटोतला लाल हा स्टुडिओतल्या रंगवणाऱ्याचा लाल. त्याच्या पेटीत तो होता, म्हणून टाकीवर आला.

मी आधी पुढचं चाक कशात धरलंय ते बघतो. या गाडीला आज आपण शॉकअप म्हणतो त्या दोन सरळ नळ्या नव्हत्या. हेडलाइटच्या मागं एकच जाड स्प्रिंग उभी होती आणि चाकाच्या दोन्ही अंगांना नळ्यांचा सांगाडा, शिडीसारखा. याला गर्डर फोर्क म्हणतात. तो दिसला की पुष्कळ नावं एका फटक्यात बाद होतात. जावा पहिली. म्हैसूरला आयडियल जावानं बांधणी सुरू केली तीच मुळी १९६०-६१च्या सुमारास, आणि त्या गाडीला पुढं शॉकअप असतो, शिवाय एका सिलिंडरला दोन सायलेन्सर. बुलेटही बाद. बुलेट हे नाव रेडिचच्या रॉयल एनफील्डनं १९३२ सालीच वापरलं होतं, पण आपण ओळखतो ती बुलेट १९४९ची : पुढं शॉकअप, मागं स्विंगआर्म. मद्रास मोटर्सनं रेडिचच्या कंपनीशी हात मिळवून एनफील्ड इंडिया काढली १९५५ साली. आणि हेडलाइटच्या दोन्ही अंगांना ते बारके दिवे, ज्यांच्यावरून पोरंसुद्धा बुलेट ओळखतात, ते आले १९५४च्या मॉडेलपासून. ताईंच्या फोटोत मागच्या चाकाला कसलंच सस्पेन्शन नव्हतं. होत्या त्या फक्त सीटखालच्या दोन स्प्रिंगा. कंबर रायडरची, खड्डा सरकारचा.

मग इंजिन. भिंगाखाली सिलिंडर धरलं तर डोकं सपाट. ओव्हरहेड व्हॉल्व्हच्या गाडीत सिलिंडरच्या कडेनं पुशरॉडच्या नळ्या वर चढतात, माथ्यावर रॉकरचा डबा बसतो, इंजिन उंच दिसतं. साइड व्हॉल्व्हमध्ये व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बगलेत, डोक्यात काहीच नाही, नुसतं झाकण. सायलेन्सरची नळीही डोक्यातून निघत नाही, खालून, सिलिंडरच्या अंगातून निघते. ही नळी कुठून निघते एवढं जरी घरच्या घरी बघितलंत, तरी अर्धं काम झालं.

गर्डर फोर्क, साइड व्हॉल्व्ह, मागं दणकट कॅरियर. म्हणजे गाडी लढाईची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करानं मोटारसायकली अक्षरशः टनांनी घेतल्या आणि लढाई संपल्यावर त्यातल्या पुष्कळ हिंदुस्थानात लिलावात निघाल्या. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द आमच्या आधीच्या पिढीतल्या मिस्त्र्यांच्या तोंडून मी हजारदा ऐकलाय. या ढिगात मुख्य नावं चार-पाच. मॅचलेस जी३एल नव्हे, तिला १९४१ पासूनच पुढं शॉकअप होता. एनफील्डची साइड व्हॉल्व्ह लष्करी गाडी होऊ शकली असती, पण एनफील्ड इंजिनाचं ऑइल क्रँककेसच्याच पोटात ठेवते. तिला वेगळी ऑइल टाकी नसते. इथं सीटखाली ती स्वच्छ दिसत होती. उरल्या दोन, नॉर्टन १६एच आणि बीएसए एम२०.

या दोघींत आमच्यासारखेही फसतात. दोन्ही पाचशेच्या आसपासच्या, दोन्हींचा मॅग्नेटो सिलिंडरच्या मागं. फरक तो फिरवण्यात. नॉर्टनमध्ये मॅग्नेटो चेननं फिरतो आणि त्या चेनचं वेगळं कव्हर टायमिंग कव्हरपासून तिरकं वर चढलेलं दिसतं. बीएसएत गिअरनं फिरतो, त्यामुळे एकच मोठं अॅल्युमिनियमचं कव्हर मागं मॅग्नेटोपर्यंत पसरलेलं असतं. फोटोत ते अखंड होतं. बीएसए एम२०, बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथची. लढाईच्या काळात अशा सव्वा लाखावर बनल्या. इंजिन ४९६ सीसीचं, ताकद जेमतेम १३ हॉर्सपॉवर, वजन दीडशे किलोच्या पुढं. चालायला बैलगाडी, पण बैलासारखीच न थांबणारी. आजच्या पोरांना बीएसए म्हटलं की शाळेतली सायकल आठवते, त्याला आपण काय करणार?

एक गोष्ट मात्र खुपत होती. किक. भाऊ म्हणत होता ते खरंच होतं, किक फोटोत डावीकडे होती. ब्रिटिश गाडीची किक आणि गिअर उजवीकडे, टायमिंग कव्हर उजवीकडे, एम२०ची ऑइल टाकीसुद्धा उजवीकडे. इथं सगळंच्या सगळं डाव्या अंगाला. एखादा भाग इकडचा तिकडे असता तर मी म्हटलं असतं कुण्या मिस्त्र्यानं अक्कल चालवली. अख्खी गाडी इकडची तिकडे कोण करणार? ते काम फोटोवाल्याचंच. एनलार्ज करताना निगेटिव्ह उलटी धरली की छापील फोटो आरशातला होतो.

पुढच्या मडगार्डवर पाटी होती, मडगार्डच्या वळणाबरोबर बसवलेली, जुन्या गाड्यांना असायची तशी. आकडे रंगवणाऱ्याच्या ब्रशाखाली गेलेले. नंतर 'वाय', 'एम' ही इंग्रजी अक्षरं आणि शेवटी एक डाग. घरात सगळ्यांनी ती वायएम अशी वाचली होती. गंमत अशी की ही दोन्ही अक्षरं आरशातही तशीच दिसतात, त्यामुळे ती उलटी आहेत हे कळायला मार्ग नव्हता. फोटोचा मोबाइलवर फोटो काढून मी तो फिरवला. डाग पुढं आला, मग एम, मग वाय. जुन्या मुंबई राज्याचे नंबर बीनं सुरू होत आणि बीएमवाय हा मुंबईचा नंबर. डाग म्हणजे बी. गाडी मुंबईत नोंदलेली, तिथून इकडे आलेली. पाटीवरून गाडीची नोंद कुठली ते समजतं, फोटोची तारीख नाही. महाराष्ट्र झाल्यावर नव्या गाड्यांचे नंबर एमनं सुरू होऊ लागले, तरी जुन्या गाड्या जुन्याच पाट्या लावून फिरत होत्या. सालासाठी मला घरच्यांच्या १९५३वरच भिस्त ठेवावी लागली, आणि एम२० त्यात आरामात बसते.

शेवटी, सवयीनं, मी पट्टी काढली. फोटोतल्या गाडीचं मागचं चाक हे उत्तम माप असतं. पुढचं वळलेलं असतं, त्यावर भरवसा नको. एम२०चा टायर सव्वातीन बाय एकोणीस, म्हणजे चाकाची बाहेरची उंची साधारण साडेपंचवीस इंच. फोटोत ते ८ सेंटीमीटर भरलं. दोन्ही चाकांच्या मध्यांतलं अंतर भरलं १७. हिशेबानं ५४ इंच, एम२०चं कागदावरचं अंतर तेवढंच आहे. मन निवलं. मग पट्टी हातात होतीच म्हणून आजोबांनाही लावली. टोपीसकट २० सेंटीमीटर. साडेपंचवीसचे अडीच पट करा. पाच फूट चार इंच. ते गाडीच्या मागं, कॅमेऱ्यापासून जरा दूर उभे, म्हणून इंच-दोन इंच वाढवून द्या. आणि ताई तासभर मला सांगत होत्या की आजोबा सहा फुटी, गावात त्यांच्याएवढा कुणी नव्हता.

ताईंनी तिथूनच घरी फोन लावला आणि आजींना दिला. आजी अठ्ठ्याऐंशीच्या, कान शाबूत. मी विचारलं, "आजी, किक मारायच्या आधी आजोबा काही करायचे का?"

"डाव्या हाताखाली एक बारकी दांडी हुती," त्या म्हणाल्या. "ती वढायचे. एकदा इसरले, तर किक परत फिरली आणि नडगी फुटली. म्हैनाभर लंगडत हुते."

ती दांडी म्हणजे इग्निशनचा अॅडव्हान्स. मॅग्नेटोच्या गाडीत ठिणगी किती आधी पडायची ते रायडरनं हातानं ठरवायचं. सुरू करताना ती मागं घेतली नाही, तर पिस्टन वर पोचण्याआधीच स्फोट होतो आणि किक उलटी येते. माझ्या उजव्या नडगीवरही तसलीच खूण आहे.

"आणि आजी, हा फोटो उलटा छापलाय, तुम्हाला माहीत होतं?"

पलीकडून हसू आलं. "म्हाईत नसायला काय झालं? पदर बघ की माझा. उजव्या खांद्यावर पदर घ्यायला मी काय गुजरातीण हाय? आणि टाकी काळी हुती. लाल कुणी केली कुणास ठाऊक."

ताईंनी फोटो ओढून घेतला. पदर उजव्या खांद्यावर होता, हिरव्या रंगात, काठासकट. मी दीड तास भिंग घेऊन बसलो होतो आणि किक, कव्हर, ऑइल टाकी सोडून त्या बाजूला बघितलंच नव्हतं.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" ताईंनी विचारलं.

"इचारलं कुणी? गाडीचंच इचारत हुता समदी."

मग आजींनीच मला विचारलं, "लेका, तू कितका उंच हाईस?"

"साडेपाच फूट."

"मग तुझ्यापेक्षा हे उंच. चांगलं हातभर."

मी हो म्हटलं. पावतीपुस्तकाच्या मागं लिहिलेल्या आकड्यांपैकी चाकाचा आणि चाकांमधल्या अंतराचा आकडा ताईंना उतरवून दिला. तिसरा अजून माझ्याकडंच आहे.