जाळीआडचा चेहरा

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत पहिली पाळी भरण्याची वेळ झाली, की पुणे-नाशिक रस्त्यावर दुचाक्यांची एकच झुंबड उडते. हेल्मेट कोणाच्या डोक्यावर असते, कोणाच्या कोपरात अडकवलेले असते, तर कोणाचे आरशावर बसून वारा खात असते! परंतु हाच आरशावाला गृहस्थ कारखान्यात जाऊन ग्राइंडरच्या चाकासमोर उभा राहिला, म्हणजे कोणी न सांगता डोळ्यांवर चष्मा चढवतो. चाकावरून उडणारी ठिणगी त्याने पाहिलेली असते. माणूस दिसणाऱ्या धोक्याला जपतो. जो धोका दिसेपर्यंत येऊन आदळतो, त्याचे काय करावे? हा प्रश्न अशाच एका कामगाराच्या घरी एका रविवारी उभा राहिला, आणि तो उभा केला एका चेंडूने.

कामगाराची मुलगी सातवीत शिकत होती. शाळेच्या सॉफ्टबॉल संघात तिसऱ्या बेसचे रक्षण तिच्याकडे असे. सॉफ्टबॉल या नावावर कोणी जाऊ नये. 1887 साली अमेरिकेतील शिकागो शहरात जॉर्ज हॅनकॉक आणि त्याच्या मित्रांनी मुष्टियुद्धाचा एक हातमोजा दोरीने आवळून त्याचा चेंडू केला आणि बंद दालनातच खेळ मांडला; त्या दिवशी चेंडू खरोखरच मऊ होता. पुढे खेळ मैदानावर आला आणि नावातला मऊपणा नावातच राहिला. आजच्या चेंडूचा घेर सुमारे 12 इंच असतो आणि वजन 178 ते 198 ग्रॅम. म्हणजे क्रिकेटच्या चेंडूहूनही तो जड भरतो.

त्यातून शाळेचे मैदान मुरमाचे. हिरवळीवर सरपटत येणारा चेंडू सरळ येतो. मुरमावरच्या चेंडूचा मात्र भरवसा नसतो. घडले ते असेच. सरावाच्या वेळी संघातील एक मुलगी पहिल्या बेसपाशी वाकून चेंडूची वाट पाहत होती. चेंडू साधाच होता, जमिनीसरसा येत होता. अगदी हाताशी आल्यावर तो एका खड्यावर आपटला आणि उसळून तिच्या गालाच्या हाडावर बसला. तीन टाके पडले. “बोटभर वर लागला असता, तर डोळाच होता,” असे डॉक्टर म्हणाले. हे वाक्य संध्याकाळपर्यंत साऱ्या घरांत पोहोचले.

दुसऱ्या आठवड्यात क्रीडाशिक्षकांनी सुचवले, की बॅटच्या जवळ उभ्या राहणाऱ्या मुलींनी चेहऱ्यावर जाळीचा मास्क लावावा. फलंदाजाच्या मागे बसणाऱ्या कॅचरला मास्क हा नियमानेच बंधनकारक आहे. इतर क्षेत्ररक्षकांवर तशी सक्ती नाही. लावायचा झाल्यास मुभा आहे. सक्ती नाही म्हटल्यावर वाद आलाच!

घरी पहिला आक्षेप आजोबांचा. तरुणपणी ते भैरवनाथाच्या उत्सवातील आखाड्यात कुस्त्या करीत. त्यांचे दोन्ही कान मोडून गोळा झालेले होते, आणि पहिलवानाचा मोडका कान हा दागिना असतो, हे त्या गावात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ते म्हणाले, “तोंडाला जाळी बांधून कसला खेळ, पोरी? आम्ही मातीत उतरलो तेव्हा लंगोटाखेरीज अंगावर काय होतं? आणि तो सोलकर! फलंदाजाच्या पुढ्यात उभा राहायचा. होती का त्याच्या डोक्यावर टोपी तरी?”

आजोबांचे बोलणे खोटे नव्हते. एकनाथ सोलकरांचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखीत. त्या मैदानाच्या कडेला वाढलेल्या या मुलाने पुढे 27 कसोटी सामन्यांत 53 झेल घेतले. फलंदाजापासून चार पावलांवर, शॉर्ट लेगला, हेल्मेटवाचून ते उभे राहत. 1971 साली ओव्हलवर ॲलन नॉटचा जो झेल त्यांनी झेपावून घेतला, त्याचे वर्णन त्या पिढीतील माणसे अजून हातवारे करून सांगतात. परंतु त्याच जागेची आणखी एक हकिगत आहे. 20 फेब्रुवारी 1998 रोजी ढाक्याच्या एका सामन्यात भारताचे कसोटीपटू रमण लांबा शॉर्ट लेगला गेले. षटकाचे तीनच चेंडू उरले होते. हेल्मेट मागवायचे का, असे कप्तानाने विचारले. तीनच चेंडूंसाठी कशाला, असे त्यांना वाटले. त्यांतल्याच एका चेंडूवर फलंदाजाने जोराचा फटका मारला, तो त्यांच्या डोक्यावर बसला, आणि तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले. धैर्यात ते सोलकरांपेक्षा उणे होते, असे कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप खुद्द मुलीचा होता, आणि तो आजोबांच्या आक्षेपाहून वजनदार होता. तिला भीती वाटत नव्हती, लाजही नव्हती. “पायाशी आलेला चेंडू दिसत नाही,” ती म्हणाली, “खालची तार मध्ये येते. शिवाय घाम डोळ्यांत उतरतो.” ज्याने एप्रिलच्या उन्हात जाळी बांधून पाहिली नाही, त्याने या तक्रारीला हसू नये. पुष्कळदा मोठी माणसे मुलांच्या सुरक्षिततेचा निर्णय खुर्चीत बसून घेतात आणि घाम मात्र मुलांना येतो. जाळी सैल असली तर पळताना हलते, घट्ट असली तर हनुवटी काचते. चेहऱ्याला न बसणारी जाळी नसलेलीच बरी.

क्रीडाशिक्षकांनी तिची तक्रार उडवून लावली नाही. त्यांनी फळ्यावर एक गणित मांडले. समजा, बॅटवरून चेंडू ताशी 60 मैल वेगाने निघाला. म्हणजे एका सेकंदात तो 88 फूट जाईल. तिसऱ्या बेसची मुलगी बेसवर, म्हणजे 60 फुटांवर, थांबत नाही. फलंदाज बॅट आडवी धरून चेंडू समोर हलकाच टाकील, या अपेक्षेने ती पुढे सरकते; कधी 44 फुटांवर येते. वर्गाने हिशेब केला: अर्धा सेकंद! डोळ्यांनी पाहिलेले हाताला कळण्यातच त्यातला जवळजवळ पाचवा भाग सेकंद जातो. उरलेल्या वेळात ग्लोव्ह चेहऱ्यापर्यंत आणायचा. चेंडू सरळ असला तर जमेल. खड्यावरून उसळला तर? मग हे गणित कोणालाच सुटत नाही. पिचरची स्थिती तर याहून अवघड, कारण चेंडू टाकून होताच ती तोल सावरत असते. दूर, मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्या मुलींना मात्र चेंडू पाहायला भरपूर वेळ मिळतो. त्यांना जाळीचे ओझे कशाला? शिक्षकांनी तसा आग्रहही धरला नाही.

खरी गोष्ट त्यांच्या नजरेला निराळीच आली होती. टाके पडल्याच्या दिवसापासून साऱ्याच मुली शेवटच्या क्षणी मान फिरवू लागल्या होत्या. ग्लोव्ह पुढे आणि चेहरा बाजूला! ‘चेंडूवर नजर ठेवा’ असे कितीही ओरडले, तरी मान ऐकत नव्हती. फिरवलेली मान ही दुहेरी वाईट: चेंडू हुकतो, आणि लागलाच तर कानशिलावर लागतो. तिसऱ्या बेसच्या मुलीने कॅचरची जादा जाळी पट्टा आवळून आठवडाभर वापरली. पहिले दोन दिवस पायाशी आलेले चेंडू तिच्या हातून सुटले. मग ती आपोआप अधिक खाली वाकू लागली, आणि आठवड्याच्या अखेरीस तिची मान जागची हलेनाशी झाली.

घाबरटपणाचा आरोप मास्कवर पूर्वीपासूनच होत आला आहे. 1870 नंतरच्या काळात हार्वर्डच्या फ्रेड थेअरने तलवारबाजीच्या जाळीवरून बेसबॉलच्या कॅचरसाठी मास्क बनवला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याची टर उडवली. आज मास्क नसलेला कॅचर दिसला तर खेळच थांबेल. बर्फावरच्या हॉकीतील गोलरक्षक जाक प्लान्ट याला 1 नोव्हेंबर 1959 रोजी तोंडावर मार बसला. टाके घालून तो परत आला तो मास्क लावूनच, आणि प्रशिक्षकांची नाराजी पत्करून त्याने पुढेही तो सोडला नाही.

ही सारी माहिती मुलीने घरी सांगितली. आजोबांनी ती ऐकून घेतली. पटली असे काही म्हटले नाही. तेव्हा इतका वेळ गप्प असलेले वडील हळूच म्हणाले, “आबा, तुमच्या आखाड्याची माती कशी असायची हो?”

आजोबा खुलले. तांबडी माती कशी आणायची, ती दोनदोनदा कशी चाळायची, तीत तेल, ताक, हळद घालून ती कशी मळायची, हे ते रंगून सांगू लागले. “लोण्यासारखी माती! पाठीवर पडलं तरी लागायचं नाही. खडा सापडला तर वस्ताद आमच्या पाठीत...”

ते मध्येच थांबले. मुलाकडे त्यांनी एकदा रोखून पाहिले आणि मग ते अंगणात जाऊन बसले.

पुढच्या रविवारी मुली सरावाला आल्या, तेव्हा तिसऱ्या बेसजवळ एक म्हातारा पहिलवान उकिडवा बसून मुरमातले खडे वेचीत होता. शेजारी घमेले अर्धे भरले होते. मुलगी जाळीचा पट्टा आवळत जवळ आली. त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिले, हात झटकून पट्ट्याखाली एक बोट घालून पाहिले, आणि म्हणाले, “सैल आहे, पोरी. आणखी एक घर आवळ.”