धुऱ्यावरून आंबागडास

सोमवार, मोहाडी

वरठीच्या स्थानकात गाडी दोन तास उशिरा पोहोचली. सायकल उतरविण्याची हमाली 60 रुपये, चहा 10, आलूबोंडा व तर्री 30, पुन्हा चहा 10. दोन्ही चहा पाकासारखे गोड. डांबरी सडक सोडून पांदणीस लागताच बाभळीचा काटा. पंक्चर 50. धूळ. अधिक लिहिण्याची शक्ती नाही.

मंगळवार, आंधळगाव

सकाळीच पुन्हा काटा, 50 रुपये. चहा गोड.

धानाची कापणी उरकत आली आहे. बांध्या रिकाम्या दिसतात, परंतु त्या रिकाम्या नाहीत. उभ्या धानातच फेकलेले लाखोळीचे बी आता खुंटांच्या मधून हिरवे डोके वर काढीत आहे, आणि म्हणून ज्यास या शिवारातून आडमार्गाने जावयाचे असेल त्याने धुरा सोडता कामा नये. धुरा कोठे दोन हात, कोठे वीतभर. मध्येच पाणी सोडण्यासाठी फोडलेला. तेथे उतरावे, सायकल खांद्यावर घ्यावी, पलीकडे ठेवावी, पुन्हा बसावे. बसून होते न होते तोच पुढची फोड.

एका पुंजण्याच्या सावलीत बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी मला थांबविले, आणि माझ्या हँडलास बांधलेला नकाशा पाहून आदराने विचारले, "कोणत्या खात्याचे जी तुमी? मोजनीचे का?" मी कोणत्याच खात्याचा नाही, केवळ हिंडावयास आलो आहे, हे त्यांस पटले नाही. काम नसता भर उन्हात काट्यांतून सायकल ओढीत येणारा मनुष्य शहाणा असू शकत नाही आणि मी तर बोलण्यावरून शहाणा दिसत होतो. तेव्हा मी हुद्दा लपवीत आहे असा त्यांनी निष्कर्ष काढला व आपली फिर्याद मांडली. त्यांच्या शेतास जाणारी बंडीवाट शेजाऱ्याने दरसाल एकेक तास नांगरून आपल्या बांधीत घेतली. आता बैलबंडी जात नाही आणि धान डोक्यावर वाहून न्यावे लागते. 1966च्या जमीन महसूल संहितेतील कलम 143 त्यांस मुखोद्गत होते. बांधावरून वाट मिळण्याचा अर्ज त्यान्वये तहसीलदाराकडे करावयाचा, आणि असलेली वाट कोणी अडविली तर 1906च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली दाद मागावयाची, हा भेद त्यांनी मला इतक्या स्पष्टपणे समजाविला की एखाद्या वकिलास हेवा वाटावा. तारखा मात्र पडत राहतात. "नकाशात वाट हाय," ते म्हणाले, "जमिनीवर नाई." माझ्या नकाशात त्यांनी ती वाट शोधावयास लावली, तेथेही ती नव्हती. याचे त्यांस माझ्यापेक्षा कमी आश्चर्य वाटले. दुपारी त्यांच्या घरी पोपटाच्या शेंगांची भाजी व चिन्नोरचा भात जेवलो. त्या तांदळाचा सुगंध पानावर येण्यापूर्वीच ओसरीवर पोहोचला होता. पैशाचे नाव काढताच ते रागावले. निघताना पुन्हा म्हणाले, "साहेब, रिपोर्टात लिहाल."

तेव्हा लिहिले आहे.

सायंकाळी कोशाचे हातमाग पाहिले. फार थकलो होतो, नीट पाहिले नाहीत.

बुधवार, गायमुख

मुक्काम व जेवण 250. पंक्चर. एका बोडीच्या पाळीवर तासभर झोप. या जिल्ह्यातील तलाव कोहळी समाजाने बांधले, मालगुजारांनी राखले. 1951 साली मालगुजारी गेली तसे ते सरकारकडे आले, आणि तेव्हापासून गाळ कोणी काढावयाचा हा प्रश्न पाण्याहून अधिक खोल झाला आहे. गायमुखाचे पाणी थंड होते. महाशिवरात्रीच्या यात्रेस येथे उभे राहावयास जागा नसते म्हणतात. आज मी आणि वानरे. वानरांनी केळी नेली.

गुरुवार, आंबागड

सातपुड्याच्या या सोंडेवरील गड देवगडच्या बख्त बुलंदाच्या पदरी असलेल्या राजाखान पठाणाने सुमारे 1700 साली बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला, आणि त्यांनी त्याचा उपयोग बंदिशाळेसारखा केला. कैद्यांस आतील विहिरीचे साचलेले पाणी पाजीत व त्यानेच ते मरत, अशी आख्यायिका आहे. तलवार, दोर, मारेकरी, कशाचाच खर्च नाही आणि दप्तरात नोंद करावयासही काही नाही, असा हा दंड ज्या कारभाऱ्यास सुचला असेल त्याचा हुद्दा जाणून घेण्याची इच्छा मला दिवसभर छळीत राहिली. सायकल पायथ्याशी ठेवली होती.

उतरताना गुडघे दुखले. उत्तरेस डोंगरी बुजुर्गची मँगनीजची उघडी खाण आहे. तेथील खनिज विजेऱ्यांच्या शुष्क घटांत वापरतात. माझ्या विजेरीने मात्र अंधार पडताच दगा दिला, आणि शेवटची पांदण मी एका ट्रॅक्टरच्या मागील तांबड्या दिव्याच्या भरवशावर काढली.

शुक्रवार, तुमसर

सडकेनेच आलो. धानाच्या पोत्यांनी भरलेल्या गाड्यांची रांग लांबच लांब. तिच्यामुळे दीड तास खोळंबा. खोली 400. टपालपेटीपर्यंत चालत जाऊन मोहाडीच्या तहसील कचेरीच्या पत्त्यावर एक साधे पत्र टाकले, त्यात त्या बंडीवाटेचा गट क्रमांक लिहिला. तिकीट 5.