काळी, पांढरी आणि सिमेंट

नरहर कुरुंदकरांच्या आडनावामुळे कुरुंदा हे नाव मराठी वाचकाला परके नाही. वसमत तालुक्यातील हे गाव आमचेही. आम्ही दोघे पतिपत्नी नांदेडला मराठी शिकवतो. गावी उरले आहे ते जुने घर आणि त्यात राहणारे बापू.

जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टी झाली आणि जलेश्वर नदीचे पाणी गावात शिरले. आम्ही पोचलो तेव्हा पूर ओसरला होता. भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर गाळाची रेघ तेवढी राहिली होती. शिजवून वाळवलेल्या हळदीची पोती भिजून गेली होती. ती उचलता उचलता आम्ही बापूंना हवामानबदल समजावू लागलो. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरते. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले. थोडक्यात, शहरांनी धूर करावा आणि खेड्यांनी पूर सोसावा, असा आमचा सिद्धान्त होता.

बापू शांतपणे म्हणाले, “ते बी खरं असंल. पण आपल्या अंगणातलं पाणी आधी कुठं जात होतं, आठवतंय का तुम्हाला?”

आठवत होते. ते परसात मुरत असे आणि उरलेले चरीतून ओढ्याला मिळत असे. मुलांचे पाय चिखलात भरू नयेत म्हणून अंगणावर सिमेंटचा कोबा आम्हीच घालून घेतला होता. चर बुजवून तेथे न्हाणीघरही आम्हीच बांधले होते. एका अंगणामुळे नदीला पूर येत नाही, हे खरेच. परंतु आमच्यासारखी अंगणे आता गावोगाव आहेत.

आपल्याकडे पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, असा भेद पूर्वापार आहे. पांढरी सहसा उंचवट्यावर असे. पाण्याची वाट पाण्याला सोडलेली असे. आता वस्ती उतारावर आणि ओढ्याकाठी सरकते आहे. जनगणनेच्या लेखी शहर ठरण्यासाठी किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० लोक आणि मुख्यतः काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर असावे लागतात. शेतीवर जगणारे गाव या व्याख्येत बसत नाही. मात्र शहराचा कोबा व्याख्येची वाट पाहत नाही. तो आधी येतो. पाण्याच्या निचऱ्याचा विचार मागाहून येतो, किंवा येतच नाही.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आकसलेल्या मिठी नदीने मुंबईला हेच शिकवले होते. तो धडा आम्ही महानगराचा म्हणून वाचला. आपल्या परसाशी त्याचा संबंध जोडला नाही.

या साऱ्यात सिमेंटचे काम दुहेरी आहे. ते बनवताना चुनखडी भाजावी लागते. त्या चुनखडीतून आणि भट्टीच्या इंधनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हा जगाच्या एकूण उत्सर्जनाच्या सुमारे ७ ते ८ टक्के भरतो. म्हणजे आकाशात ते पावसाला जोर देते आणि जमिनीवर त्याच पावसाची वाट अडवते. जागतिक आणि स्थानिक असे दोन वेगळे प्रश्न आम्ही वर्गात मांडत आलो. आमच्या अंगणात ते एकाच घमेल्यातून आले होते.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही निम्मा कोबा फोडला आणि खाली पुन्हा माती लागली. चर न्हाणीघराला वळसा घालून ओढ्यापर्यंत नेली. पहिल्या पावसात बापू ओसरीत बसून पाणी मुरताना पाहत होते. काही बोलले नाहीत. न्हाणीघर मात्र अजून तेथेच आहे. ते पाडण्याचे धैर्य आम्हांला झालेले नाही.